लखनौच्या उन्हात द्रवरूप हेलियम

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



या व्यासपीठावरून आजवर संगीत, संतवाङ्मय आणि इतिहास या विषयांवर पुष्कळ बोलले गेले आहे. ज्या नगरीत पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांनी १९२६ साली संगीत महाविद्यालय उभे राहिले, त्या नगरीतील मराठी मंडळात असे व्हावे हे स्वाभाविकच आहे. या वेळी मात्र चिटणीसांनी आम्हांस सुचविले की, तुम्ही प्रयोगशाळेत रोज जे काम करता तेच आम्हांला समजेल असे सांगा. आमचे काम एका वाक्यात सांगता येते. शहरातील एका प्रयोगशाळेत पुरुषभर उंचीची दोन पिंपे आहेत. ती आतून थंड ठेवणे हे आमचे काम. पंचवीस वर्षे आम्ही दोघे-तिघे तेवढेच करीत आलो आहोत, आणि घरच्या मंडळींच्या मते त्यात सांगण्यासारखे फारसे काही नाही.

या पिंपांत चुंबके आहेत. अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन नावाची एक विद्या आहे. १९४६ साली फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी अमेरिकेत स्वतंत्रपणे तिचा पाया घातला. प्रबळ चुंबकाच्या पोकळीत एखादा पदार्थ ठेवला आणि त्याच्यावर रेडिओलहरी सोडल्या, तर त्यातील हायड्रोजनसारख्या अणूंची केंद्रे ठराविक कंप्रतेला साद देतात. प्रत्येक अणूच्या शेजारी कोण बसले आहे यावर ती कंप्रता किंचित वरखाली होते. १९५१ साली अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी साध्या मद्यार्कातून एकाऐवजी तीन वेगळे स्वर निघतात हे दाखवून दिले. यांतील एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तेथे त्यांनी ही विद्या रुजविली, हे आपणांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. त्याच संस्थेत १९८३ साली ५०० मेगाहर्ट्झ यंत्राचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले.

लखनौस या विद्येची गरज पडली ती औषधांमुळे. १९५१ साली गोमतीकाठच्या छत्तर मंझिल या नवाबी राजवाड्यात केंद्रीय औषध संशोधन संस्था सुरू झाली. नवा रेणू घडविला की तो मनात होता तसाच घडला आहे काय, हे पाहण्याचा सर्वांत विश्वासू मार्ग म्हणजे त्याचा हा वर्णपट. त्या संस्थेच्या संशोधनपत्रांत २०० आणि ३०० मेगाहर्ट्झ यंत्रांचा उल्लेख वर्षानुवर्षे आढळतो. ती संस्था आता सीतापूर रस्त्यावर जानकीपुरमच्या बाजूस गेली आहे. रायबरेली रस्त्यावर संजय गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या आवारात प्राध्यापक खेत्रपाल यांनी उभारलेले जैववैद्यकीय केंद्र आहे, आणि तेथील थोरले यंत्र ८०० मेगाहर्ट्झचे आहे. आपणांपैकी ज्यांना गुडघ्यासाठी किंवा मणक्यासाठी एमआरआयच्या नळकांड्यात पडून राहावे लागले असेल, त्यांनीही याच जातीच्या चुंबकाची भेट घेतलेली आहे. फक्त तेथे नमुन्याच्या जागी आपण स्वतः असतो.

आमच्या दोन चुंबकांपैकी थोरले ३०० मेगाहर्ट्झचे, म्हणजे सुमारे ७ टेस्ला शक्तीचे. पृथ्वीचे जे चुंबकत्व होकायंत्राची सुई फिरविते, त्याच्या जवळजवळ दीड लाख पट. धाकटे ४०० मेगाहर्ट्झचे. परंतु नुसती शक्ती पुरत नाही, ती पोकळीत सर्वत्र सारखी असावी लागते. कंप्रता सेकंदाला ३० कोटी, आणि दोन स्वरांतील भेद कित्येकदा एकदोन कंपनांचा. ज्यांनी तानपुरा जुळविला आहे त्यांना हे सांगावयास नकोच. खुंटीने तार जवळपास आणायची, मग मणी सरकवून शेवटचा बारीक भेद घालवायचा, आणि एक तार जुळली की दुसरी किंचित हललेली असते. आमच्याकडे मण्यांच्या जागी लहान लहान वेटोळी आहेत, आणि त्यांतील वीजप्रवाह कमीजास्त करण्यात पूर्वी आमची अर्धी सकाळ जाई. आता हे पुष्कळसे संगणक करतो. तो आमच्यापेक्षा चांगले करतो, हे मान्य केले पाहिजे.

एवढे चुंबकत्व तांब्याच्या तारेतून मिळवायचे म्हटले तर तार तापेल, तिला निववायला पाण्याचे पाट लागतील आणि विजेचे बिल भरता भरता संस्था बुडेल. म्हणून निओबियम आणि टिटॅनियम यांच्या मिश्रधातूची तार वापरतात. ती निरपेक्ष शून्याच्या वर नऊ-दहा अंशांच्या आत नेली की तिचा विजेला होणारा विरोध नाहीसा होतो. ही अतिसंवाहकता १९११ साली हॉलंडमधील लायडन येथे कामरलिंग ओनेस यांना पाऱ्यामध्ये प्रथम दिसली. तारेच्या वेटोळ्यात एकदा प्रवाह भरला आणि दोन्ही टोके अतिसंवाहक दुव्याने जोडून टाकली, की बाहेरची वीज काढून घेता येते. प्रवाह आत फिरतच राहतो. पाहुणे आम्हांला हमखास विचारतात, "इथली वीज तर दिवसातून चारदा जाते, मग चुंबकाचे काय?" चुंबकाचे काहीच होत नाही. आमच्या थोरल्या चुंबकात १९९८ साली भरलेला प्रवाह तेवीस वर्षे फिरत होता. या काळात शहराची वीज किती वेळा गेली याची गणती विद्युत मंडळासही देता येणार नाही.

त्याला वीज नको, पण थंडी हवी. आणि ती थंडी एका क्षणापुरतीही सुटता कामा नये. येथून आमचे काम सुरू होते.

ही थंडी देणारा पदार्थ एकच, हेलियम. तो उणे २६९ अंश सेल्सिअसला उकळतो. याचा पहिला सुगावा सूर्यावर लागला, आणि त्या कथेत आपला मुलूखही येतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया हिंदुस्थानावरून गेली. फ्रेंच ज्योतिर्विद जान्सन गुंटूर येथे होते. लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीस दुर्बीण लावून बसले होते. सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात जी पिवळी रेषा सापडली, ती सोडियमची नव्हे असे पुढे लॉकियर यांनी ठरविले आणि नव्या मूलद्रव्यास सूर्याचेच नाव मिळाले. आपल्या कोकणात विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवून हेलियमचा शोध येथेच लागला असे अभिमानाने सांगतात. अभिमान असावा, मात्र १८६८ साली लॉकियर इंग्लंडात होते. ते विजयदुर्गास आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्याच्या तीन वर्षे आधी, १८९५ साली, रॅम्से यांनी हेलियम पृथ्वीवरील खनिजातून वेगळा काढलेला होता. ओटे खरे आहेत, साहेबही खरा. तीस वर्षांची गल्लत तेवढी झाली आहे.

आता पिंपाची रचना. सर्वांत आत द्रवरूप हेलियमच्या भांड्यात चुंबक बुडालेले असते. त्याच्याभोवती निर्वात जागा आणि चकचकीत पत्र्याचे पडदे, त्याबाहेर द्रवरूप नायट्रोजनचे उणे १९६ अंशांचे कडे, पुन्हा निर्वात, आणि मग बाहेरचे कवच. म्हणजे थर्मासच्या आत थर्मास. आतले भांडे वरून अरुंद मानेच्या नळ्यांवर टांगलेले असते, कारण जितका कमी स्पर्श तितकी कमी उष्णता आत शिरते. तरी थोडी शिरतेच. ती कोणी बाहेर काढावयाची? आपल्या घरातल्या माठाने जे केले तेच येथे चालते. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. हेलियमही उडून जातो आणि उरलेल्यास थंड ठेवतो. फरक हिशेबाचा आहे. एक वॅट उष्णता, म्हणजे विजेरीच्या लहानशा दिव्याची, तासभर मिळाली तर तिने पाणी उडेल दीड ग्रॅम. द्रवरूप नायट्रोजन उडेल २०-२५ मिलिलिटर. आणि हेलियम उडेल जवळजवळ दीड लिटर! म्हणून स्वस्त नायट्रोजनने बाहेरची झळ सोसायची आणि महाग हेलियमला सावलीत ठेवायचे, अशी ही व्यवस्था आहे. बाहेर जूनमध्ये लू वाहत असते, पारा पंचेचाळिशीस टेकलेला असतो, आणि हातभर अंतरावर ही सावली टिकवायची असते.

नायट्रोजन दर आठवड्याला भरावा लागतो, हेलियम चार-पाच महिन्यांनी. नायट्रोजनचे काम सोपे. त्यात शिकण्यासारखे म्हणजे हातमोजे सैल असावेत आणि दार उघडे असावे, इतकेच. हेलियमचा दिवस मात्र कार्यासारखा असतो. आदल्या दिवशी दिल्लीकडून भरलेले भांडे येते. रस्त्यात किती उडाले ते आधी मोजायचे. मग दुहेरी भिंतीची निर्वात नळी एका टोकाने त्या भांड्यात हळूहळू उतरवायची. भर्रकन उतरविली तर ऊन नळीच्या स्पर्शाने दोन-तीन लिटर हेलियम छतास जाऊन लागतो. भांड्यावर किंचित दाब द्यावा लागतो. त्यासाठी आम्ही सुरुवातीची कित्येक वर्षे फुटबॉलचा ब्लॅडर वापरीत होतो, आणि तो हाताने दाबताना भांड्यातील द्रवाची नाडी जशी बोटांना कळे तशी आजच्या दाबमापकाने कळत नाही. नळीच्या मोकळ्या टोकातून आधी ऊन वायू येतो, मग थंड, मग पांढरे धुके, आणि शेवटी धुक्याच्या मध्यभागी ज्योतीसारखी एक आखूड जीभ दिसते. ती दिसली की नळी आत थंड झाली. त्याच क्षणी ते टोक चुंबकाच्या मानेत उतरवायचे. आधी उतरविले तर ऊन वायू आतल्या हेलियमलाच उडवितो, आणि भरण्याऐवजी रिकामे होते.

मान उघडी राहण्याचा अवधी जितका थोडा तितका बरा. लखनौच्या श्रावणातली दमट हवा आत शिरली तर पाणीच काय, हवासुद्धा गोठून दगड होते. मानेत असा बर्फाचा बूच बसला तर खालचा वायू कोंडतो, आणि कोंडलेला वायू काय करतो हे प्रेशर कुकरची झडप बिघडलेल्या घरात विचारावे. म्हणून भरणे संपले की केस वाळविण्याच्या यंत्राने रबरी कड्या ऊन करायच्या, एकदिशा झडपा जागच्या जागी बसवायच्या आणि तासाभराने पुन्हा येऊन पाहायचे. हे तासाभराने येणे नव्या माणसास नेहमी अनावश्यक वाटते.

खोलीत शिरण्याचेही सोवळे आहे. किल्ल्या, नाणी, मनगटी घड्याळ, बँकेचे कार्ड बाहेर. पोलादी खुर्ची आणि पाना तर मुळीच नको. हृदयास यंत्र बसविलेल्यांनी जमिनीवरची लाल रेघ ओलांडू नये. चुंबकाकडे पोलादाचा तुकडा प्रथम ओढल्यासारखाही वाटत नाही, आणि आणखी वीतभर पुढे गेल्यावर तो हातात राहत नाही.

सर्वांत भय असते ते अतिसंवाहकता मोडण्याचे. तारेचा एक सूतभर तुकडा काही कारणाने तापला की त्यात विरोध उत्पन्न होतो, विरोधाने उष्णता, उष्णतेने शेजारचा तुकडा तापतो, आणि काही सेकंदांत सगळे वेटोळे साधी तार होऊन बसते. त्यात साठलेली सारी शक्ती उष्णता होऊन हेलियमवर पडते. एका लिटरचा सातशे लिटरांहून अधिक वायू होतो. झडपा उघडतात, पांढरा लोट छतास भिडतो. हेलियम विषारी नाही, पण खोलीतल्या प्राणवायूची जागा तो घेतो. तेव्हा तेथे शौर्य न दाखविता बाहेर पडावे. चुंबक बहुधा वाचते. हेलियम जातो तो वातावरणाच्या वरच्या थरातून अवकाशात निघून जातो, आणि पृथ्वीवर तो पुन्हा हाती लागत नाही.

हा हेलियम जमिनीखाली किरणोत्सर्गी द्रव्यांच्या क्षयातून कोट्यवधी वर्षांत साचतो आणि काही नैसर्गिक वायूंच्या विहिरींतून मिळतो. आपल्या देशात बंगालमध्ये बक्रेश्वरच्या ऊन पाण्याच्या कुंडांतून तो बुडबुड्यांनी येतो. तरी आपली गरज जवळजवळ सर्व आयातीवर भागते. २०१७ साली कतारची शेजाऱ्यांनी नाकेबंदी केली तेव्हा तेथील हेलियमचे कारखाने काही आठवडे बंद पडले, आणि त्याची झळ जगभरच्या प्रयोगशाळांना लागली. मोठ्या संस्था उडालेला वायू पिशव्यांत धरून पुन्हा द्रवरूप करतात. आमच्यासारख्यांना तेवढे यंत्र परवडत नाही, आमचा हेलियम खिडकीतून जातो. हे बोलताना आम्हांला आजही बरे वाटत नाही.

आता २०२१ सालच्या एप्रिल महिन्याविषयी सांगितले पाहिजे. आदल्या वर्षी टाळेबंदीत आम्ही परवाना खिशात ठेवून रिकाम्या रस्त्यांवरून दर आठवड्यास नायट्रोजन भरावयास जात होतो. पोलिसांना ‘पिंपात थंडी भरावयाची आहे’ हे समजाविणे एवढीच काय ती अडचण होती. २०२१ ची गोष्ट निराळी. द्रवरूप नायट्रोजन आणि द्रवरूप प्राणवायू एकाच कारखान्यात, एकाच हवेतून वेगळे केले जातात. शहरात प्राणवायूच्या नळकांड्यांसाठी रात्रभर रांगा लागत होत्या. पुरवठादाराने स्वच्छ सांगितले की आता टाक्या, गाड्या आणि माणसे फक्त प्राणवायूसाठी आहेत, नायट्रोजनचे पुढे पाहू. आमच्यापैकी एकाचे वडील त्याच आठवड्यात प्राणवायूवर होते. त्यामुळे आम्ही कोणीही त्या पुरवठादाराशी दुसरा शब्द बोललो नाही.

टाकीत जो नायट्रोजन उरला होता तो दोन्ही चुंबकांना नऊ दिवस पुरला असता. एकालाच दिला तर अठरा-वीस दिवस. नायट्रोजनचे कडे कोरडे पडले की हेलियम अनेक पटींनी उडू लागतो, आणि हेलियम तर दिल्लीहून येण्याची आशाच नव्हती. धाकट्या चुंबकावर औषधशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे काम अवलंबून होते; थोरले म्हातारे झाले होते, पण त्याचा वर्णपट अजून निर्दोष येत होता. आम्ही दोन दिवस वही उघडून बसलो. वहीत तेवीस वर्षांच्या पातळ्या होत्या, दर सोमवारची एक ओळ, चार-पाच निरनिराळ्या अक्षरांत. तिच्यावरून इतके निश्चित झाले की दोन्ही राखू गेलो तर दोन्ही जातील.

तिसऱ्या दिवशी आम्ही थोरल्याचा प्रवाह उतरविला. विद्युत्पुरवठ्याची जुनी पेटी कोठीत होती. कंपनीचा अभियंता येऊ शकत नव्हता, त्याने दूरध्वनीवरून एकेक पायरी सांगितली. मानेतून प्रवाहवाहक दांडा खाली बसवायचा, बाहेरचा प्रवाह आतल्याइतका करायचा, मग दुवा तापवून मोकळा करायचा आणि सावकाश उतरायचे. काटा शून्यावर येण्यास पावणेदोन तास लागले. दूरध्वनीवरचे आवाज सोडले तर कसलाच आवाज झाला नाही. शेवटी आमच्यातील एकजण बाहेर जाऊन पोलादी पाना घेऊन आला आणि त्याने तो पिंपाला टेकविला. पाना नुसताच हातात राहिला. त्या खोलीत आम्ही प्रथमच घड्याळ घालून उभे होतो.

थोरल्याच्या कड्यात पुन्हा नायट्रोजन घातला नाही. त्याच्या वाट्याचा सर्व धाकट्यास दिला. मे महिन्याच्या मध्यास पहिली गाडी आली, त्या वेळी टाकीत दीड दिवसाचा साठा होता. वडील बरे होऊन घरी आले, तेही सांगून टाकतो. ते आज समोर बसलेले आहेत.

पुढे थोरल्यास पुन्हा थंड करावे काय, असा विचार झाला. ऊन झालेले चुंबक मुळापासून निववावयास कित्येकशे लिटर हेलियम लागतो, आणि त्या वर्षीच्या दराने ती रक्कम संस्थेच्या अनुदानात बसेना. तो विषय दोन सभांत आला आणि तिसऱ्यात आला नाही. आता एमआरआयची अशी यंत्रे निघाली आहेत की ज्यांत जेमतेम सात लिटर हेलियम कायमचा कोंडलेला असतो. आमच्या जातीच्या यंत्रांतही उडालेला वायू तेथल्या तेथे द्रवरूप करणारी शीतके बसू लागली आहेत. त्यांना मात्र वीज अखंड लागते, आणि ती लखनौच्या उन्हाळ्यात कशी पुरवायची याचा अंदाजपत्रकाचा कागद सध्या आमच्या मेजावर आहे.

थोरले चुंबक इमारतीच्या मागील पडवीत उभे आहे. कार्यशाळेतील मिस्त्रींनी त्याचे कवच एका बाजूने कापून दिले, त्यामुळे थरावर थर, पडदे, टांगलेल्या माना आणि मधले तारेचे वेटोळे असे सारे दिसते. नव्या मुलांना नळी उतरविण्यास शिकवितो ते आम्ही त्याच्यावरच. सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास मंडळाच्या सभासदांपैकी कोणास पाहावयाचे असेल तर अवश्य यावे. धाकट्याच्या खोलीत जाताना घड्याळ बाहेर ठेवावे लागेल.